थांबलाय की अडकलाय?

माझ्या भाचीला मी पहिल्यांदा पाहिलं ते कपाळापर्यंत. वर पिवळं टोपडं, टोपड्याची सुटलेली एक नाडी, त्याखाली बोटभर कपाळ, आणि कपाळाच्या डाव्या कडेला काहीतरी काळपट. आई म्हणाली, ती भुवई. अप्पा म्हणाले, भुवई नव्हे, सावली पडलीय. निकाल लागायला वाव नव्हता, कारण त्याच्याखाली फोटोच नव्हता. रिकामा राखाडी चौकोन, त्यावर गोठलेला माऊसचा बाण, आणि कोपऱ्यात नऊ वाजून सतरा मिनिटांवर थांबलेलं घड्याळ.

२००३ चा पावसाळा. बेळगावच्या वडगावात आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे कापड विणायचे दोन लूम. ताईचं दुसरं बाळंतपण पुण्यालाच झालं आणि त्याच आठवड्यात आई न्हाणीत घसरली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पुण्याला जायचा विषय संपला. भावोजींनी बाळाचा फोटो स्कॅन करून मेलनं पाठवला आणि फोनवर सांगितलं, "सहाशे केबीचा आहे, दोन-तीन मिनिटांत येईल."

आमच्याकडे कॉम्प्युटर होता. म्हणजे मी डिप्लोमा झाल्यावर हट्टानं घेतलेला, असेंबल केलेला. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८. लग्नपत्रिका टाईप करून मी त्याचे हप्ते फेडत होतो. एका बाजूला मराठी मजकूर, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण नवरीकडचे चिकोडीचे नाहीतर गोकाकचे असायचेच. पत्रिकांना इंटरनेट लागत नव्हतं. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम मी नंतर आणला, पाचशेच्या आतला, आत खोचायचं हिरवं कार्ड. दुकानदाराकडे बाहेर ठेवायचा, पुढे लाल दिवे लुकलुकणारा मोडेमही होता, पण तो दोन-अडीच हजारांना. "काम तेच की," दुकानदार म्हणाला, आणि मीही मान डोलावली.

काम तेच नव्हतं, हे कळायला मला दीड महिना लागला.

पहिला अडथळा किरकोळ होता. मोडेम नंबर फिरवायच्या आधीच 'डायलटोन नाही' म्हणून हात वर करायचा. रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा. आपल्याकडचा ४०० च्या आसपासचा. स्वस्तातल्या कार्डाला परक्या गावातला सूर ओळखू येत नव्हता, इतकंच. 'डायलटोनची वाट बघा' या ओळीपुढची खूण काढली की तो डोळे मिटून नंबर फिरवायचा. मग ती प्रसिद्ध किंचाळी, आधी शीळ, मग घरघर, मग दोन्हीकडून एकदम फुत्कार, आणि कोपऱ्यात दोन इवले कॉम्प्युटर उगवायचे. वेग सेकंदाला ४५,३३३ बिट. डब्यावर ५६ के लिहिलेलं असलं तरी आमच्या गल्लीत ५६ कधी कुणाला दिसला नाही.

दुसरा अडथळा म्हणजे तो राखाडी चौकोन. जोडणी व्हायची, पान उघडायचं, मेल उघडायचा, फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उतरायला लागायचा, आणि अध्येमध्ये सगळं थिजायचं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला दाद नाही. कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डावरचा हिरवा दिवा लागत नाही, लागलेला असेल तर विझत नाही. पडदा काय दाखवतो त्यावर जाऊ नये. ज्याचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा हलत नाही, त्याचा अगदी मुळातला कारभार बंद पडलेला असतो. वर फोनही धरून ठेवलेला. कार्डातला रिले फोन उचलून बसायचा तो बसायचाच. पुण्याहून ताई नंबर लावून थकायची, इकडे लाईन एंगेज. शेवटी रिसेटचं बटण, मग स्कॅनडिस्कची ती निळी पाटी: तुम्ही विंडोज नीट बंद केलं नाही. जसं काही मी केलं होतं!

मी आधी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त मोडेमवर नाही. ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाच्या व्हायरसची बोंब झाली होती आणि जो तो तेच नाव घेत होता. पण ब्लास्टर विंडोज एक्सपी आणि २००० ला धरायचा, ९८ च्या वाटेला जातच नव्हता. मग रॅम काढून खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले. मग फोनच्या लाईनवर आळ. पाऊस धो धो, खांबावरची तार लोंबलेली. लाईनमन छत्री मिटत आले, अप्पांनी "बर्री, कूडरी" म्हणून खुर्ची दिली. त्यांनी आपला फोन जोडून बघितला, एकदा खांबावर चढून उतरले, आणि चहा घेता घेता म्हणाले, "लाईन छलो ऐतरी." लाईन चांगली आहे. मला पटलं नाही. पण त्यांचंच खरं होतं, आणि थोडा विचार केला असता तर माझ्याही ध्यानात आलं असतं. लाईन खराब असेल तर जोडणी तुटेल, वेग पडेल. कॅप्स लॉकच्या दिव्याचं आणि खांबावरच्या तारेचं काय नातं?

अप्पा इतके दिवस बाजूनं बघत होते. कॉम्प्युटर त्यांच्या लेखी टीव्हीचा महाग भाऊ. चाळीस वर्षं धोट्याच्या आवाजात गेल्यानं उजव्या कानानं कमी ऐकू यायचं. एका रात्री लूम बंद करून, हात पुसत ते माझ्यामागे उभे राहिले. फोटो नेहमीप्रमाणे अडला होता.

"थांबलाय की अडकलाय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही एकच की, अप्पा."

"खुळा हैस काय? दोन्ही एक कसं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते लूमचं होतं. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की त्या जागी चाचपणारा काट्यासारखा फोर्क रिकामा पडतो आणि पट्टा सरकवून लूम बंद करतो. धोटा पलीकडच्या पेटीत पोचला नाही तर लूम धाडकन स्वतःला आवरतो, नाहीतर ताण्याचे शेकडो उभे धागे एका फटक्यात तुटतील. हे झालं थांबणं. त्यात लूमचं शहाणपण आहे. काहीतरी चुकलं म्हणून तो मुद्दाम थांबलाय, तुम्ही जाऊन धागा जोडा. अडकणं वेगळं. गिअरमध्ये काही घुसलं, की कापड सरकत नाही, धोटा हलत नाही, पण मोटर घुमत राहते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं गार. मोटरीवर हात ठेवला तर चटका बसतो. अडकलेलं यंत्र रिकामं नसतं. ते जीव तोडून काम करत असतं, फक्त एकाच जागी.

मी टेबलाखाली वाकून कॅबिनेटला हात लावला. मागून गरम वारा येत होता.

(जाता जाता. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, महाराष्ट्र सरकार सीमाप्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेलं. पेपर वाचून अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न विचारला. वीस वर्षं उलटून गेली, मला अजून उत्तर देता आलेलं नाही.)

थांबणारा कॉम्प्युटरही असतो. निळा पडदा येतो, पांढऱ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं असतं, आणि लोक त्याला शिव्या देतात. खरं तर तो फोर्क पडलेला लूम. पुढे जाण्यात धोका दिसला म्हणून थांबलेला. आमचा तसा नव्हता. आमच्याकडे निळा पडदा आलाच नाही कधी. आमची मोटर घुमत होती.

कुठे, ते शोधायचं होतं. अप्पांचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लूमचा पट्टा बदलला तर त्या दिवशी पिकिंगला, म्हणजे धोटा फेकणाऱ्या भागाला, हात लावायचा नाही. त्यांनी विचारलं, "अडकायच्या आधी तू काय काय करालैस?" मी म्हटलं, फोटो उतरवालोय, आणि काय? "आणि गाणं?" गाणं असायचंच. फोटो येईपर्यंत काय करायचं म्हणून मी विनॲम्पवर काहीतरी लावून द्यायचो. "गाणं बंद ठिवून बघ."

बंद ठेवून बघितलं. टोपडं आलं. कपाळ आलं. तो वादग्रस्त काळपट भाग पूर्ण आला, आणि ती ना भुवई निघाली ना सावली. काजळाची तीट होती. त्याच्याखाली खऱ्या भुवया, मिटलेले डोळे, नाकाचा शेंडा. आई इतकी पुढे वाकली की तिचं कोपर कीबोर्डवर टेकलं. विंडोज 'डिंग' म्हणालं. म्हणजे म्हणायला गेलं. स्पीकरमधून डि-डि-डि-डि असं कातर लागल्यासारखं येत राहिलं आणि ओठांच्या वर एक बोट फोटो थिजला.

अप्पांनी आईला रागावलं नाही. डावा कान स्पीकरकडे करून ते थोडा वेळ ऐकत राहिले. "गाणं नव्हे," ते म्हणाले. "आवाज."

दुसऱ्या दिवशी मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेमच्या नावावर जाऊन त्याची साधनसामग्री बघितली. इंटरप्ट क्रमांक ११. साऊंडही ११. यूएसबीही ११. तिघे एकाच तारेवर.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माहीत असलेल्यांनी परिच्छेद ओलांडावा. चार बिऱ्हाडांचा वाडा, पुढे एकच दार, एकच बेल. पाहुणा बटणावर बोट ठेवतो ते कुणी त्याला आत घेईपर्यंत उचलतच नाही. बेल वाजली की एकेका बिऱ्हाडातला माणूस येऊन बघणार: माझा नव्हे, माझा नव्हे, हा माझा, या आत. बोट सुटलं, बेल थांबली, सगळे आपापल्या कामाला. यात वाईट काही नाही. अशी सामायिक बेल चालावी म्हणूनच ती रचना केलेली असते. पण चौथा माणूस आला, आपल्याच पाहुण्याकडे बघून 'माझा नव्हे' म्हणाला आणि आत गेला, तर? बोट बटणावर तसंच. चारही माणसं पुन्हा दारात, पुन्हा आत, पुन्हा दारात. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बघायला कुणी नाही. ती बेल म्हणजे इंटरप्ट, तो माणूस म्हणजे ड्रायव्हर, कार्डाचा कारभार बघणारा प्रोग्रॅम, आणि चुलीवरचं दूध म्हणजे माऊस, घड्याळ, कॅप्स लॉकचा दिवा आणि माझी भाची.

आणि पाचशेच्या मोडेमला ही बेल फार वाजवावी लागते, कारण त्याच्यात मोडेमच नसतो. महागड्या डब्यात किंचाळ्यांचे आकडे करणारा वेगळा प्रोसेसर असतो. या कार्डावर होतं काय, तर फोनची तार जोडायचा सरंजाम आणि आवाजाचे आकडे करणारी एक चिप. पुढची सगळी आकडेमोड ड्रायव्हर माझ्या सेलेरॉनकडून करून घ्यायचा, दर काही मिलिसेकंदांनी उठवून, 'हे कर, आत्ता कर, उशीर झाला तर लाईन तुटेल'. विंडोजसाठीच बनलेले म्हणून अशा कार्डांना विनमोडेम म्हणत. दोन हजार कुठे वाचले होते ते आता कळलं. ड्रायव्हर नीट लिहिलेला असेल तर हेही चालतं. लाखो ठिकाणी चाललं. आमचा तसा लिहिलेला नव्हता. एरवी निभायचं, साऊंडनं त्याच तारेवर बेल वाजवली की दारातल्या गर्दीत याचा गोंधळ व्हायचा.

नवा ड्रायव्हर हवा होता. नवा ड्रायव्हर इंटरनेटवर. इंटरनेट मोडेममध्ये. ही त्या काळातली खास चेष्टा होती.

शिवाय कुणाचा ड्रायव्हर? डब्यावरचं नाव फक्त डब्याचं. असली चिप एक कंपनी बनवते आणि दहा जण तिच्यावर आपापला डबा चढवतात. शोधायचं ते चिपचं नाव. मी कार्ड उपसून बाहेर काढलं. काळ्या चिपेवर राखाडी अक्षरं, मुंगीच्या पायांएवढी. बॅटरी धरली, डोळे बारीक केले, आठाचा तीन आणि तिनाचा आठ होत राहिला. अप्पा आत गेले आणि धागे मोजायची काच घेऊन आले. पितळेची, तीन घड्यांची, उभी केली की खाली इंचाची चौकट आणि वर भिंग. शहापुरी साडीच्या एका इंचात किती धागे बसले हे व्यापाऱ्यासमोर मोजून दाखवायची ती काच. त्यांनी ती चिपेवर उभी केली, डोळा टेकवला, आणि इंग्रजी अक्षरं येत नसल्यानं आकार सांगायला लागले. "उलटी खुर्ची. मग काठी. मग पाच. मग दोन पोटं एकावर एक." उलट्या खुर्चीवरून आमचा वाद झाला. तो 'एच' निघाला, असं मला पुढे स्वतः काचेतून बघितल्यावर दिसलं. मग आधीच का बघितलं नाहीस, असं आई म्हणाली.

आरपीडी कॉर्नरच्या बाजूला एका कॅफेत जाऊन ड्रायव्हर शोधला. अडीच एमबीचा. फ्लॉपीत मावतं १.४४. दोन तुकडे करून दोन फ्लॉप्यांवर घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत ठेवून पावसातून सायकलनं घरी आणला, आणि दुसरी फ्लॉपी खर्रर्र करून वाचायला नकार देऊन बसली. परत कॅफे. या वेळी चार फ्लॉप्या, प्रत्येक तुकडा दोनदा.

जुना ड्रायव्हर काढायला सेफ मोडमध्ये गेलो. तिथे एरवी न दिसणारंही दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकाच मोडेमच्या तीन नोंदी निघाल्या. प्रत्येक वेळी वैतागून पुन्हा इन्स्टॉल करताना मागच्याचं भूत राहून गेलेलं. तिन्ही पुसल्या. बायोसमध्ये जाऊन कुणी वापरत नसलेला दुसरा कॉम पोर्ट बंद केला. कार्ड काढलंच होतं, तर ते दोन खाचा सोडून पलीकडे लावलं; खाच बदलली की बेलची तारही बदलू शकते. चालू केलं. इंटरप्ट आता १०, एकट्याचा. नवा ड्रायव्हर चढवला, नंबर फिरवला, किंचाळी, ४५,३३३.

"गाणं लाव," अप्पा म्हणाले.

गाणं लावलं. टोपडं, नाडी, तीट, भुवया, डोळे, नाक, ओठ, हनुवटी, दुपट्याची घडी, दुपट्याबाहेर राहिलेली एक मूठ, आणि त्या मुठीजवळ ताईचा बांगड्यांसकट हात. खालची चौकट आली. फोटो संपला. आई काही बोललीच नाही. अप्पांनी विचारलं, "कशानं झालं?"

"ड्रायव्हर बदलला. आणि खाच बदलली. आणि तो पोर्ट—"

त्यांचा चेहरा पडला. इतकं सांगून शेवटी पोरानं पट्टा आणि पिकिंग एकदमच बदललं होतं. "मग कळलं काय तुला?" ते म्हणाले. मला खरोखर काही कळलं नव्हतं. साऊंड बोर्डावरच होता, काढता येत नव्हता, पण निदान बंद करून बघता आला असता. तेवढंसुद्धा सुचलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या रात्री, अगदी व्यवस्थित चालणारा मोडेम, त्यांच्या समाधानासाठी, मी काढून पुन्हा जुन्या खाचेत लावला, पोर्टही पुन्हा चालू केला. इंटरप्ट ११. साऊंड शेजारी, यूएसबी शेजारी. बदललेला फक्त ड्रायव्हर. गाणं लावलं, मेल उघडला, आणि फोटो एका क्षणात पूर्ण हजर झाला.

"ह्यो असा कसा आला?" आईचा आवाज नाराज होता. "कालच्यागत न्हाई आला."

तिनं बरोबर पकडलं होतं. तो फोनवरून आलाच नव्हता. ब्राउझरनं काल साठवून ठेवलेला तोच परत दाखवला होता. म्हणजे चाचणी झालीच नाही. मी साठवण पुसली, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, अप्पांनी डावा कान स्पीकरकडे केला. पिवळं टोपडं उतरायला लागलं. आईनं प्लास्टरचा पाय स्टुलावरून खाली घेतला आणि खुर्ची पुढे ओढली.

"सावकाश येऊ दे की," ती म्हणाली. "आत्ता नाडी येईल बघ."